सर, ओठ राहिले

सर, मी पाठ ताठ करून लिहायला बसले आहे. सवयच लागली आहे. कुठंही बसले की मान आपोआप डावीकडे वळते, उजेडाच्या बाजूला, आणि वाटतं आता समोरून आवाज येईल, "सुमन, हनुवटी जरा खाली." आवाज येत नाही. मग हनुवटी तशीच राहते आणि मी तशीच बसून राहते.

परवा शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्ही कुठं शिकलात, खालापूरकडच्या शाळेत किती वर्षं चित्रकला शिकवलीत, तुमचे कोणते विद्यार्थी कुठं पोचले, हे सगळं लोकांनी सांगितलं. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. स्टेजवर तुमचा मोठा फोटो ठेवला होता आणि त्याला हार होता. फोटोवाल्यानं तुमचा चेहरा अगदी गुळगुळीत करून टाकलाय हो. डाव्या गालावरची चामखीळसुद्धा पुसली. मी मागच्या रांगेत बसून तेवढंच बघत होते. तुम्ही असतात तर स्टेजवर चढून म्हणाला असतात, "आधी माझी चामखीळ आणा, मग हार घाला."

तुमचा जुना विद्यार्थी पराग, जो आता स्वतः चित्रकलेचा मास्तर झाला आहे, तो माईक घेऊन माझ्यापर्यंत आला. म्हणाला, "मावशी, सरांच्या इतक्या चित्रांत तुम्ही आहात, दोन शब्द बोला." मी पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली. लोक हसले. मायेनंच हसले, मला राग नाही. पण बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. त्यातलं खरं जे आहे ते हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतंच. ते तुम्हालाच सांगायचं आहे.

मी तुमच्याकडे भांडी घासायला आणि केर काढायला आले तेव्हा तुम्ही भिसेगावातल्या त्या घरात एकटेच राहत होतात. पुढच्या पडवीत रविवारी मुलांचा क्लास असायचा. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यातली वाळकी वांगी उचलून टाकून दिली आणि तुम्ही डोक्याला हात लावलात. ती मुलांनी चित्र काढायला मांडून ठेवलेली होती. तुम्ही मला ओरडला नाहीत. उकिरड्यावर जाऊन वांगी वेचून आणलीत, पुन्हा मांडलीत, आणि एक वांगं थोडं फिरवून म्हणालात, "आता जास्त बरं दिसतंय."

मग एका रविवारी ज्या म्हाताऱ्याला समोर बसवून मुलं चित्र काढणार होती तो आलाच नाही. तुम्ही मोरीपाशी येऊन म्हणालात, "सुमन, हात धू आणि जरा बस गं इथं."

"मी? माजं काय बघायचंय?"

"तेच बघू."

मी बसले. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती आणि मला जमीन फाटेल तर बरं असं झालं होतं. एका मुलानं मला गोरी केली, डोळे मोठे केले, नाक सरळ केलं. तुम्ही त्याच्या मागं उभे राहिलात. "ही कोण बाबा? हिला मी ओळखत नाही. सुमनचं नाक बघ. बसकं आहे. छान बसकं आहे." घरी जाऊन मी आरशात नाक बघितलं. त्या नाकाला छान म्हणणारं तोपर्यंत कुणी भेटलं नव्हतं.

मुलांना तुमचं एकच सांगणं असायचं. माहीत असलेलं काढू नका, दिसतंय ते काढा. नदीवर घेऊन जायचात आणि पाण्याला निळा रंग लावणाऱ्या पोराचा हात धरून म्हणायचात, "ही उल्हास नदी निळी कुठं दिसतेय तुला? नीट बघ, शेवाळ आहे, माती आहे." चौकच्या धाब्यावरची गोष्ट तर तुम्ही मला कितीदा सांगितलीत. धाबेवाल्यानं पाटीवर भाकरी आणि रस्सा काढायला सांगितला. तुम्ही त्याच्याच चुलीवरची भाकरी समोर ठेवून काढलीत, तिच्यावरच्या करपलेल्या डागासकट. तो म्हणाला, "मास्तर, करपलेली भाकरी बघून गिऱ्हाईक थांबंल का?" तुम्ही म्हणालात, "तू जी दिलीस ती काढली." त्यानं दुसऱ्या पेंटरकडून सगळी पाटी पिवळी करून घेतली. सांगताना तुमचे डोळे चमकायचे. "माझी सगळ्यात चांगली भाकरी त्या पिवळ्याखाली आहे," म्हणायचात.

तेव्हा मी हसायचे. पदराआड.

काम झालं की तुम्ही ब्रश धुवायला बसायचात आणि मला पेपर वाचायला लावायचात. डोळे दुखतात म्हणायचात. मला वाटतं डोळे दुखत नव्हते. चौथीत सुटलेली माझी अक्षरं तुमच्या मोरीपाशी परत आली.

शाळा चौथीत का सुटली ते तुम्हाला सांगितलं होतं. आई गेली. बबन, माझा भाऊ, तेव्हा पाळण्यात होता. त्याला कुणीतरी झोका द्यायला हवा होता, तो मी दिला. आत्याच्या हाताखाली वाढलो. आत्या वाईट नव्हती, पण मी हसले की म्हणायची, "आय मेली तरी दात काढतीस?" तेव्हापासून पदर नव्हता तेव्हा हात आणि पदर आला तेव्हा पदर.

मग बबननं कोंडाण्याकडच्या आमच्या गावात स्लॅबचं घर बांधलं. बाबा नुकतेच गेले होते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बाबांचा फोटो लावला, त्याला चंदनाचा हार. आणि शेजारी त्यानं आणखी एक खिळा ठोकला. मी विचारलं, "ह्यो कशाला रं?" तर म्हणाला, "आयसाठी." आईचा फोटोच नाही. कधी कुणी काढला नाही. तरी त्यानं खिळा ठोकून ठेवला. मी जायचे तेव्हा तो रिकामा खिळा माझ्याकडे बघायचा.

म्हणून मी तुम्हाला विचारलं. विचारायला मला किती दिवस लागले ते जाऊ द्या.

"सर, माज्या आयचं चित्र काडाल का?"

"फोटो आहे?"

"नाय."

"मग कसं काढू? मी बघतो ते काढतो गं. तुझी आई मी बघितली नाही."

मी भांडी आत नेली. वाटलं, झालं. मग तुम्ही आतमध्ये येऊन दारात उभे राहिलात, हातात ओला ब्रश. "तू तर बघितलीस ना? तू तिचीच आहेस. बस खिडकीपाशी."

अशी चित्राला सुरुवात झाली. आणि पहिल्याच दिवसापासून भांडणाला पण.

"किती वर्षांची होती ती, गेली तेव्हा?"

"तिशीच्या आतली असंल."

तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "म्हणजे तुझी आई तुझ्यापेक्षा लहान आहे."

मी असा विचार कधी केला नव्हता. माझ्या डोक्यात ती आई होती, मोठीच होती. "मग सुरकुत्या काडू नका," मी म्हटलं.

"तुला आहेत."

"आयला नव्हत्या."

"ते तुला माहीत आहे. मला तुझ्या दिसतायत."

"मग आयचं चित्र कसं व्हायचं ते?"

"बस गप. हलू नकोस."

तुम्ही ऐकलं नाहीत. डोळ्यांखाली, कपाळावर, माझी होती ती प्रत्येक रेघ काढलीत. मी चिडून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन बसले.

एकाच गोष्टीत तुम्ही माझं ऐकलंत. गोंदण. आईच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक टिंब. ते गोंदलं तेव्हा चिघळलं होतं म्हणे, त्यामुळे कातडी तिथं उंच झाली होती. मला तिचा चेहरा म्हणाल तर धुरकट आठवतो. पण झोपताना मी तिच्या कपाळावर बोट ठेवून झोपायचे आणि ते गोंदण माझ्या बोटाला अजून आठवतं. मी तुम्हाला म्हटलं, "गोंदण काडा." तुम्ही म्हणालात, "तुझ्या कपाळावर नाही." मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मंग माज्या कपाळावर रंगानं काडा. म्हंजी तुमाला दिसंल."

तुम्ही इतके हसलात की खोकला आला. "हे मला सुचायला पाहिजे होतं," म्हणालात. मग पॅलेटवर हिरवट निळा रंग कालवलात आणि लहान ब्रशनं माझ्या कपाळावर रेघ ओढलीत, टिंबं दिलीत. मी म्हटलं, "असं सपाट नाय. बोटाला लागायचं." तुम्ही ट्यूब थेट दाबून रंगाचा थर दिलात. आणि तसाच थर चित्रावर. एरवी तुमचा रंग पातळ, कागदासारखा, पण तेवढी एक जागा तुम्ही उंच ठेवलीत. तो रंग पाण्यानं निघेना. तशीच मी कर्जतच्या बाजारातून घरी गेले. भाजीवाली म्हणाली, "काय गं, या वयात गोंदून घेतलंस?" मी तिला सांगितलं नाही. मला त्या दिवशी आईला घेऊन बाजारातून चालल्यासारखं वाटत होतं.

मग बबनला बोलावलं. तो चपला बाहेर काढून, हात जोडून आत आला, देवळात यावा तसा. चित्रासमोर उभा राहिला. बघत राहिला. मी वाट बघत होते की आता रडेल.

"ताय," तो म्हणाला, "ही तर तू हायस."

"आय हाय रं. कपाळ बघ की."

"कपाळ हाय. पर बाकी तूच. हिला हार कसा घालायचा? जित्या मानसाला हार घातला तर गाव काय म्हनंल? दाजी मला धरून मारतील."

तुम्ही खुर्चीत बसून ऐकत होतात. तुम्हाला वाईट वाटलं ते मला दिसलं, बबनला नाही. तो उलट तुमच्याकडे वळून अगदी नम्रपणानं म्हणाला, "मास्तर, रागावू नका. निसतं ओठ बदलता आलं तर बघा. बाबा सांगायचा, आय लय हसरी होती. ही ताय कवा हसती? हिचं दात आमी पन बघितलं नाय. ओठ हसरं झालं तर ताय वाटनार नाय. मंग लावतो."

तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलतो हा." आणि मला म्हणालात, "ऐकलंस ना? आता हसावं लागेल."

तेव्हापासून सगळं त्या ओठांवर अडलं. बाकी चित्र पुरं झालं होतं. कपाळ, बसकं नाक, मान, पातळाचा काठ. ओठांची जागा तेवढी तुम्ही काढायचात आणि पातळ सुरीनं खरवडून टाकायचात. मी हसणार, आणि तुम्ही बघणार, आणि मग काढणार. न बघता काढायचं नाही. मी म्हटलं, "हसरे ओठ कसे असतात ते तुमाला ठाव नाय का? काडा की." तुम्ही म्हणालात, "कुणाचे काढू? फोटोवाल्यासारखे कुणाचेही चिकटवू?"

तुम्ही काय काय केलंत सर. धाबेवाल्याची नक्कल केलीत. माझ्या पेपर वाचण्याची नक्कल केलीत. एकदा तुमच्या चष्म्याला रंग लागला होता आणि तुम्ही आभाळ आलं म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलात, तेव्हा मला खरंच हसू फुटलं. पण हसू फुटायच्या आधी हात तोंडावर आला. हसू आणि हात एकदमच येतात. मी काय करू?

"हात बांधून ठेवू का तुझे?" तुम्ही म्हणालात.

"बांधा. मंग हसू पन यायचं नाय."

शेवटच्या दिवशी गालावर थोडा रंग दिलात, डोळ्याच्या कडेला थोडा. ओठ पुन्हा खरवडलेत, अगदी खालचा कपडा दिसेपर्यंत. मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवून म्हणालात, "उद्या ओठ करू. उद्या हसायचं हं."

मी म्हटलं, "हसायला मी काय टीव्हीवर हाय?"

हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सकाळीच दवाखान्यात नेलं. मी फाटकाशी थांबले. कुठल्या दवाखान्यात ते विचारायचंही सुचलं नाही. तुम्हाला घरी आणलं तेव्हा पुरुषांची गर्दी होती, मला लांबून फक्त पायाचे तळवे दिसले. तळव्याला निळा रंग लागलेला होता. कुणी पुसला नव्हता, ते बरं झालं.

आता जे झालं ते सांगते. सांगायला नको वाटतं, पण तुमच्याशिवाय कुणाला सांगू, तुमच्याच घरात झालं.

तुमचा नियम सगळ्यांना माहीत आहे. चित्र पुरं झालं तरच सही. ज्यावर सही नाही ते सरावाचं. सरावाच्या कॅनव्हासवर पांढरा हात मारायचा, उन्हात वाळवायचं, आणि क्लासच्या मुलांना वापरायला द्यायचं. नवा कॅनव्हास गरीब मुलांना कुठून परवडणार, म्हणायचात. मी स्वतः ते पांढरे कॅनव्हास कितीदा अंगणात वाळत घातलेत, पापडासारखे. मला तो नियम आवडायचा. कुठल्याही पोराच्या चित्राखाली तुमचं एखादं चित्र असायचं.

तेराव्यानंतर तुमचे पुतणे किल्ली परागकडे देऊन गेले. पराग आणि क्लासची मोठी मुलं रविवारी जमली. घर आवरलं. सही असलेली चित्रं कापडात बांधली. सही नसलेली पडवीत लावली. पराग म्हणाला, "सरांची शेवटची आठवण म्हणून त्यांच्या पद्धतीनंच करू. सगळ्यांना एकेक कॅनव्हास." मुलं गहिवरली होती. एक मुलगी ब्रश हातात घेऊन रडत होती. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले. मला वाटलं आईचं चित्र तुमच्या खोलीत स्टँडवर आहे. ते सुतकात घर धुताना कुणीतरी उचलून पडवीत ठेवलं होतं, ते मला माहीत नव्हतं.

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले. ती रडणारी मुलगी, सायली तिचं नाव, खाली मांडी घालून बसली होती आणि तिच्यापुढं आई होती. खालून सुरुवात केली होती तिनं. पातळाचा काठ गेला होता, मान गेली होती. रुंद ब्रशनं ती पांढरा रंग वर वर नेत होती, अगदी हळुवार, तुम्ही शिकवलं तसं, एका दिशेनं.

माझं तोंड उघडलं. आवाज आला नाही. दोन्ही हातांत ट्रे होता म्हणून हात तोंडावर गेला नाही. उघडं तोंड घेऊन मी सगळ्यांसमोर उभी होते, सर. तुम्ही इतके दिवस हात बाजूला कर म्हणत होतात. बघायला तुम्ही नव्हतात.

सायलीनं वर बघितलं आणि म्हणाली, "मावशी, चहा तिथं ठेवा ना." ब्रश नाकावरून गेला. मग डोळे. मग कपाळ.

ट्रे खाली ठेवल्यावर मला आवाज फुटला. "अगं ती माजी आय हाय."

सगळे थांबले. परागनं चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मावशी, हे तर तुमचं पोर्ट्रेट होतं ना? सरांनी सही केली नव्हती म्हणून..."

"हा, सही नव्हती," मी म्हटलं. "ओठ राहिलं होतं."

परागनं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि गालाच्या कडेला हळूच पुसून बघितलं. पांढरा निघाला, पण त्याच्याबरोबर खालचा गालही चिंधीला आला. तुम्ही शेवटच्या दिवशी लावलेला तो रंग अजून कच्चा होता. त्यानं हात काढून घेतला. म्हणाला, "आणखी पुसलं तर सगळंच जाईल. मुंबईत असं काम करणारे असतात, मी विचारतो." विचारेल तो. चांगला मुलगा आहे. पण त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. तुम्ही शिकवलंत ना, दिसतंय ते बघायला.

सायली माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "सरांनीच सांगितलं होतं मावशी, सही नसली की..." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ठाव हाय गं मला. चहा घे, निवंल." मी तिला चहा दिला. दुसरं काय करणार? तिच्यावर रागावू? ती तुमचंच ऐकत होती. परागवर? त्यानं तुमचा शब्द पाळला. तुमच्यावर रागवायचं म्हटलं तर तुम्ही कुठं आहात. घरी येऊन मी खूप वेळ चुलीपुढं बसून राहिले, आणि चूल पेटवलेली नव्हती.

एक सांगू? तुमचं चित्र बघायला लागल्यापासून माझ्या डोक्यातली धुरकट आई पुसली गेली होती. डोळे मिटले की चित्रातलीच दिसायची, सुरकुत्यांसकट. मी त्या सुरकुत्यांवरून तुमच्याशी इतकी भांडले. आणि आता वाटतं, तिला म्हातारपण असं मिळालंच नव्हतं. ती माझ्यापेक्षा लहान राहून गेली होती. तुमच्या खिडकीत बसून ती माझ्याएवढी झाली, तिच्या डोळ्यांखाली रेघा आल्या, तिनं पोरांची लग्नं बघितली असतील असं वाटायचं. हे तुम्हाला सांगायचं होतं. ओठ पुरे झाल्यावर सांगू म्हणून ठेवलं होतं. आता डोळे मिटले तर ना ती जुनी दिसत, ना तुमची. पांढरं दिसतं.

परागनं तो कॅनव्हास मलाच दिला. तो वाळल्यावर मी फडक्यात गुंडाळून बबनकडे घेऊन गेले. टेंपोत मांडीवर धरून. का नेला, मला विचारू नका. घरात ठेवून बघवेना आणि दुसऱ्याचं चित्र त्याच्यावर मी काढू देणार नव्हते.

बबननं फडकं सोडलं. पांढरं बघून त्याला काही कळेना. मी सांगितलं सगळं. तो खाली बसला. मग म्हणाला, "ताय, मीच नको म्हनलो तवा. लावलं असतं तर आज भिंतीवर असतं."

"तुजं काय चुकलं रं. जित्याला हार कोन घालतंय?"

तो उठला. आतून चंदनाचा हार घेऊन आला. तो त्यानं तेव्हाच आणून ठेवला होता, बाबांच्या हाराबरोबर, जोडीचा. स्टुलावर चढला, कॅनव्हास खिळ्यापाशी धरला, आणि थांबला.

"ताय, वरची बाजू कोनची?"

मी बघितलं. चारी बाजूंनी सारखंच पांढरं. सही असती तर खालची बाजू तरी कळली असती. मला खरंच सांगता येईना की माझ्या आईचं डोकं कुठं आहे. मी म्हटलं, "आन इकडं," आणि मांडीवर घेऊन हात फिरवत बसले. सगळीकडे गुळगुळीत, तुमचा पातळ हात. एका ठिकाणी बोट अडलं. उभी रेघ. इकडं टिंब, तिकडं टिंब.

माझ्या बोटानं ओळखलं, सर. मला काही करावं लागलं नाही.

बबनचं बोट धरून मी तिथं ठेवलं. "हे गोंदण. ही वरची बाजू." आईला हात लावल्याचं त्याला काही आठवत नाही, तो पाळण्यात होता. त्याचं बोट तिथंच राहिलं. मग डोळे मिटून त्यानं ते हळूहळू खाली आणलं, भुवयांच्या मधून, नाक असेल तिथून, आणखी खाली, चाचपत, पुन्हा पुन्हा त्याच जागेवर.

"ताय, हितं काय लागत नाय. ओठ कुठं हायत?"

मी त्याला म्हटलं, मास्तर उद्या करनार होते.